जावईबापूंचं बिऱ्हाड

काळोख्या खोलीत, खुर्चीवर ताठ बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग सरकवत तो दिवसभर जे विचारतो तेच विचारत होता, हे बरं, की हे, आणि गिऱ्हाईक बिचारं परीक्षेला बसल्यासारखं घाबरून दोन्ही सारखंच म्हणत होतं, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. कामाच्या वेळी तो फोन घेत नसे. पण फोन पागेवाल्या बाईंचा होता, आणि बाई उगाच फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या. तो बाहेर आला. बाई म्हणाल्या, चिंगीचे बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण महिनाअखेर घोड्याचं ठाण रिकामं करून हवंय. पागेची निम्मी जागा गेली, आता शिकवणीला चालतात तेवढेच घोडे ठेवायचे, आणि तुमच्या घोड्यावर तर हल्ली कोणी बसतही नाही. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं, की एक माणूस म्हातारे घोडे घेऊन जातो, हवं तर त्याला कळवते. कुठे नेतो, असं याने विचारलं. "ते नका विचारू," बाई म्हणाल्या. तो परत आत आला, भिंग उचललं, आणि त्याच्या लक्षात आलं की उजव्या डोळ्याचं चाललं होतं की डाव्या, हेच आपण विसरलोय. चष्म्याचं दुकान उघडल्यापासून असं कधी झालं नव्हतं. अंधारातून गिऱ्हाइकाने हळूच विचारलं, माझ्या डोळ्यात काही निघालं का. छे छे, तो म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत तुमचे.

खरं म्हणजे घोडा त्याचा नव्हताच मुळी. लेकीचा होता. शाळेत असताना पोरीने असा हट्ट धरला होता की घरातलं जेवणखाण गोड लागेना, आणि शेवटी हा तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला प्राणी त्यांच्या आयुष्यात आला. कागदोपत्री त्याचं भलंमोठं नाव होतं, पण याच्या बायकोने त्याचा रुबाब, त्याचे नखरे आणि त्याच्यामागे होणारी धावपळ पाहिली आणि पहिल्याच आठवड्यात त्याला जावईबापू करून टाकलं. पुढे खऱ्या जावयाचा काही पत्ता नव्हता, हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. याचं काम एवढंच, की संध्याकाळी दुकान लवकर बंद करायचं, लेकीला गाडीत घालून पागेत न्यायचं आणि तिचं होईपर्यंत थांबायचं. बाकीचे आईबाप कुंपणाला टेकून उभे असत. त्यांना लगाम कळायचा, चाल कळायची, ते ओरडून सूचना द्यायचे. याला घोड्याची भीती वाटायची. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण रिंगणाच्या कडेला गाडी लावून, दरवाजा उघडा टाकून, एक पाय बाहेर सोडून तो वर्तमानपत्र वाचत बसायचा, हीसुद्धा एक कबुलीच होती. गाडी जुनी. दरवाजा उघडताना कण्हायचा, आणि रेडिओचं बटण केव्हाचंच मोडलेलं, त्यामुळे किल्ली फिरवली की रेडिओ आपोआप सुरू व्हायचा आणि किल्ली काढेपर्यंत बंद होण्याचं नाव घ्यायचा नाही. घोडा कधी जवळून गेलाच तर याच्याकडे पाठ करून उभा राही. अगदी ठरवून, बूड इकडे करून. गंमत म्हणून तो घरी सांगायचा, जावयाने आज पुन्हा सासऱ्याला पाठ दाखवली. हसायचा, पण कुठेतरी लागायचंही. पागेत त्याला कोणी नावाने ओळखत नव्हतं. तिथे तो चिंगीचे बाबा होता, लेक शिकून, नोकरीला लागून परदेशी निघून गेली तरी चिंगीचे बाबाच राहिला.

लेकीला फोन त्याच संध्याकाळी लावला. तिकडे तिची सकाळ होती, कामावर निघायची घाई होती. त्याने घाबरत घाबरत सगळं सांगितलं, आणि तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुला नाही झेपणार. देऊन टाक त्याला." फार शहाण्यासारखं म्हणाली. तिच्या त्या शहाणपणाचीच त्याला भीती वाटली. लहानपणी गुडघा फुटला की ती अशीच शहाणी व्हायची, काही नाही लागलं म्हणायची आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. नंतर आठ-दहा दिवस तिचा फोन आला नाही. बायको म्हणाली, कामात असेल. तो म्हणाला, हो, कामात असेल. दोघंही एकमेकांकडे न बघता जेवले. तो माणूस म्हातारे घोडे कुठे नेतो, हे दोघांनाही न विचारता कळत होतं. ठिपका असलेलं ते कपाळ ट्रकच्या फळ्यांमधून दिसतंय, असं त्याला दुकानात भिंग पुसतानाही दिसायचं. मग मोतीबिंदूनंतरचा चष्मा न्यायला एक निवृत्त नर्सबाई दुकानात आल्या. शेवटच्या बसथांब्यापुढे त्यांचं घर, घरामागे गवताचा मोकळा तुकडा, त्यात दोन म्हाताऱ्या शेळ्या. फ्रेम त्यांच्या कानामागे बसवता बसवता याच्या तोंडून निघून गेलं, तुमचं ते रान भाड्याने द्याल का हो. नर्सबाईंनी नव्या चष्म्यातून त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, कशाला. घोड्याला, तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो 'माझ्या घोड्याला' म्हणाला आणि त्याचे कान गरम झाले. लेकीला यातलं काहीही कळवायचं नाही, असं त्याने ठरवलं. जमलं तर सांगू. नाही जमलं तर तिने एकदा जे सोडलं ते पुन्हा कशाला सोडायला लावायचं.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला आणि मग पदर खोचला. तिचं हे नेहमीचं. आधी नावं ठेवायची, मग अशी कामाला लागायची की ज्याने काम काढलं त्यालाच दम लागावा. जावयाचं बिऱ्हाड हलतंय, म्हणाली, तर नव्या घरी पारोशा वस्तू जायच्या नाहीत. घोड्याची झूल त्यांनी घरी आणली आणि तीनदा धुतली, शेवटी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली. जुनी, चावून चावून काळी पडलेली तोंडाची मोहरकी फेकून नवी आणली. बादली नवी. अंग घासायचा खरारा नवा. चाटायच्या मिठाचा अर्धा झिजलेला दगड होता, तोही ओंगळ दिसतो म्हणून टाकला. त्या आठवड्यात दोघांना लग्नघरासारखा उत्साह आला होता. तेलाची पिचकारी घेऊन तो गाडीच्या दरवाजालाही तेल घालायला निघाला होता, कारण बायको त्या कण्हण्याला वर्षानुवर्षं कंटाळली होती, पण तेवढ्यात दुकानातून बोलावणं आलं आणि ते राहून गेलं.

रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना निघायचं ठरलं. बाईंनी दोर त्याच्या हातात दिला, घोड्याच्या डाव्या अंगाला उभं कसं राहायचं ते दाखवलं आणि म्हणाल्या, तुम्ही भ्यायलात तरी चालेल, पण चालत राहा. निघताना त्यांनी घोड्याच्या मानेवर कपाळ टेकलं आणि झटकन आत निघून गेल्या. पुढे हा आणि घोडा, मागे बायको गाडीचे दिवे उघडझाप करत, चालण्याच्या वेगाने. बंद दुकानांच्या काचांमध्ये ही वरात दिसत होती. घोड्याच्या टापा डांबरावर इतक्या मोठ्याने वाजत होत्या की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. एका बाईने दात घासता घासता हात हलवला. आणि त्याला, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला एवढं मोठं ऊबदार वजन आहे, ते आपल्या खांद्याच्या मागे श्वास सोडतंय, आपण वळलो की वळतंय, हे त्याने कधी अनुभवलंच नव्हतं. चिंगीला रोज हे मिळत होतं तर. सिग्नलपाशी तो थांबला तेव्हा घोडाही थांबला, आणि त्याने पहिल्यांदा घोड्याचा डोळा जवळून पाहिला. आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेलं, पण हा डोळा कधी पाहिला नव्हता. आडवी, लांबट बाहुली, भोवती मधासारखा तपकिरी रंग, आणि त्यात रस्ता, सिग्नल आणि चष्मा घातलेला एक बारकासा माणूस. हिरवा दिवा लागला तरी तो बघतच राहिला. मागून बायकोने हॉर्न दिला, जरासाच.

रानात मात्र सगळं बिनसलं. फाटक लावलं, दोर सोडला, बायको म्हणाली, बघा आता कसा उधळतो. घोडा उधळला नाही. हिरव्यागार गवतात चार पावलं टाकली, नव्या बादलीचा वास घेतला, धुतलेल्या झुलीचा वास घेतला, शेळ्यांकडे पाहिलं, आणि फाटकाशी येऊन उभा राहिला. आलेल्या रस्त्याकडे तोंड करून. बायको बसने घरी गेली, गाडी त्याच्याकडे ठेवून. दुपार झाली, उन्हं कलली, घोडा तसाच. गवतात तोंड घालेना. अधूनमधून मान वर करून खिंकाळायचा, आणि मग कान टवकारून उत्तराची वाट बघायचा. ते वाट बघणं याला बघवेना. सोमवारी तेच. फाटकाच्या आतल्या बाजूला घोड्याने येरझारा घालून चिखलाची वाट पाडली होती. पाणी थोडं प्यायला, विकत आणलेल्या सुक्या गवताला दोनदा तोंड लावलं आणि सोडलं. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, पोटाला कान लावला, दात पाहिले आणि म्हणाले, आजार काही नाही, याचं मन लागत नाहीये, पण असाच उपाशी राहिला तर आजारही होईल. याने बाईंना फोन केला. बाईंनी सगळं विचारलं. झूल धुतली, हेही याने सांगितलं. "अहो, त्याचा वास धुऊन टाकलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्याच्या ओळखीचं काय ठेवलंत तिथे?" काही नाही. याने मनातल्या मनात यादी केली आणि एकही वस्तू सापडली नाही. इतक्या मायेने दोघांनी मिळून त्या जीवाचं सगळं जग साबणाने साफ केलं होतं. मी आहे की, असं म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण म्हणवेना. आपल्याला काय ओळखणार तो. बाई सांगत होत्या, जनावराला ज्याची धास्ती वाटते त्याच्यावर ते नजर ठेवतं, पाठ फिरवत नाही. तुमच्याकडे तोंड करून उभा राहतो का? हो, तो म्हणाला. तेच मग, बाई म्हणाल्या.

त्या रात्री त्याला झोप आली नाही, नुसती जुनी चित्रं येत राहिली. एकदा चिंगी पडली होती. लांबच्या टोकाला, त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं तेवढ्यात. त्याने वर पाहिलं तेव्हा घोडा एकटाच उभा होता आणि खाली काहीतरी निळं पडलं होतं. तो धावला होता, चप्पल वाटेत राहिली होती. हाताला प्लॅस्टर, बाकी काही नाही. पण त्या दिवसापासून त्याला वाटत आलं होतं की बाप म्हणून आपण एका पानाने चुकलो. नंतरही तो गाडीतच बसला, कारण कुंपणाला टेकून उभं राहिलं की त्याचे पाय लटपटायचे, आणि ते तिने बघू नये असं त्याला वाटायचं. इतक्या संध्याकाळी तिथे काढल्या आणि हाती काय उरलं, तर जुन्या बातम्या. बायको अंधारात म्हणाली, झोपा आता, सकाळी बघू. तो म्हणाला, उद्या त्या माणसाला कळवावं लागेल. तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

मंगळवारी दुकान बंदच ठेवलं. एरवी तो गाडी वर रस्त्यावर, नर्सबाईंच्या दारात लावून पायी मागे जायचा, पण आज तिथे पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलं होतं. नर्सबाईंनी चष्मा सावरत सांगितलं, तशीच आत घ्या, कुंपणापर्यंत. सकाळी घासभर तरी खाल्लं का, त्याने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. घोडा फाटकाशी होता. दोन दिवसांत म्हातारा दिसायला लागला होता, डोळ्यांवरचे खळगे खोल गेले होते. याने हात पुढे केला तर घोडा मागे सरला आणि याच्याकडे तोंड करून बघत राहिला. अरे बाबा, तो म्हणाला, तुझं बरोबर आहे, पण मला दुसरं सुचलं नाही रे. आणि मग त्याला तिथे उभं राहवेना. तो गाडीत येऊन बसला, बाईंना फोन करायला, त्या माणसाला बोलवा म्हणून सांगायला. वारा होता तरी दरवाजा सवयीने उघडाच टाकला. दरवाजा कण्हला. एक पाय बाहेर सोडला. फोन मेलेला होता, तो गाडीतच चार्जिंगला लावायचा म्हणून किल्ली फिरवली, आणि रेडिओ सुरू झाला. कुणीतरी बाई पिकांच्या भावांचं काहीतरी सांगत होती. फोनला जीव येईपर्यंत काय करायचं म्हणून त्याने मागच्या सीटवरचं परवाचं वर्तमानपत्र ओढलं आणि नुसतं उघडून धरलं. एक अक्षर दिसत नव्हतं.

वर पाहिलं तेव्हा घोड्याचे कान गाडीकडे वळले होते. दोन्ही. मान खाली येत होती. तो फाटकापासून निघाला, तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि कुंपणाच्या कडेने सावकाश गाडीपाशी आला. घोड्याने नाकपुड्या फुलवून एक लांब उसासा टाकला, अंग सैल सोडलं, आणि मग मोठ्या थाटात, ठरवून, वळला. बूड इकडे, तोंड रानाकडे. आणि खाली वाकून त्याने गवताचा एक मोठा घास कराकर तोडला. मग दुसरा. चावण्याचा आवाज रेडिओच्या आवाजात मिसळत होता. त्या शेपटीकडे बघता बघता याचा चष्मा धुरकट झाला. लोकांचे चष्मे पुसून देणारा माणूस, पण स्वतःचा काढून पुसायचं त्याला सुचेना. त्याला वाटलं, जरा हललो तरी हे सगळं मोडेल.

तेवढ्यात फोनला जीव आला आणि तो वाजलाच. लेक होती. आवाज बसलेला. म्हणाली, राहवलं नाही म्हणून तिने बाईंना फोन केला होता, त्याला घेऊन गेले का विचारायला, आणि बाई म्हणाल्या, हो, तुझे बाबा घेऊन गेले. "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली. जमतंय की नाही ते बघत होतो, तो पुटपुटला.

"बाबा, तो आपल्या गाडीचा रेडिओ आहे ना?"

"हो. बटण अजून तसंच आहे."

मग ती बोलत राहिली, आणि तो ऐकत राहिला. ती म्हणाली, पडल्यानंतर मला वर बसायची फार भीती वाटायची, रोज वाटायची. तुला सांगितलं नाही, तू लगेच बंद केलं असतंस सगळं. लांबच्या टोकाला गेले की मी फक्त रेडिओ ऐकत राहायचे. ऐकू येतोय म्हणजे बाबा आहे. तो पण ऐकायचा, त्याचे कान तुझ्याकडे असायचे. एकदा तू किल्ली काढून कुठेतरी चहा आणायला गेलास, तर आम्ही दोघंही जागचे हललो नाही, तू येईपर्यंत तसेच उभे होतो. त्याने विचारलं, आणि मी पानं उलटत होतो ते? "तेसुद्धा ऐकू यायचं, बाबा," ती म्हणाली, आणि या खेपेला तिने रडताना नळ सोडला नाही. तो काय करतोय आत्ता, तिने विचारलं. माझ्याकडे पाठ करून खातोय, तो म्हणाला. ती रडता रडता हसली. आईला सांग, जावई रुळला.

फोन ठेवल्यावर तो बसूनच राहिला. ऊन सरकलं, शेळ्या घोड्याच्या जवळ येऊन चरायला लागल्या, नर्सबाई लांबून बघून परत गेल्या. आणि मग व्हायचं ते झालं. इंजिन बंद, रेडिओ चालू, जुनी बॅटरी ती किती दम धरणार. गाणं मधेच खोल गेलं, घोगरं झालं आणि थांबलं. घोड्याने झटकन मान वर केली. तोंडातलं गवत तसंच. कान मागे, पुढे, मागे. सगळं रान गप्प झालं होतं. आता तो पुन्हा फाटकाकडे जाईल, याला वाटलं. काहीतरी आवाज करायला हवा होता. गाणं त्याला येत नव्हतं. वर्तमानपत्र वाऱ्याने केव्हाच पायाखाली गेलं होतं. त्याच्या तोंडून आपोआप तेच निघालं जे दिवसभर निघतं, काळोख्या खोलीत, घाबरून बसलेल्या माणसांसाठी, सावकाश, समजुतीच्या सुरात.

"बघा हं," तो त्या तांबूस पाठीला म्हणाला. "घाई नाही. हे बरं, की हे?"

एक कान त्याच्याकडे वळला आणि तिथेच राहिला. घोडा चावायला लागला.

"आणि आता?" तो म्हणाला. "आता बरं आहे?"